दमलेल्या मिडफिल्डरचा पास इतका नेटका कसा?

डिचोलीचा डावा पाय
काल रात्री मावसभावाबरोबर फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये मॅच, सहा-सहा मिनिटांचे हाफ. गेमच्या घड्याळात ८० व्या मिनिटाला त्याच्या मिडफिल्डरचा दमसासाचा पट्टा तळाला टेकलेला. तरी पठ्ठ्याने एका टचमध्ये मैदानभर लांब पास थेट विंगरच्या पायात टाकला. गोल! धावताना तो रांगत होता, पाय मात्र सकाळी उठल्यासारखा ताजा. भात कापल्यावर शेतात खेळलेल्या कुणालाही विचारा, दमल्यावर आधी टच जातो. बॉल पायाला लागून हातभर पुढे पळतो. गेममध्येही दमलेल्याचा पास चुकायलाच हवा.

म्हापशाचा गोली
हरलास म्हणून धागा काढलास होय! मी बटण बरोबर दाबलं, दिशा बरोबर, जोर बरोबर, आणि पास गेला गटारात? त्याला दमणं म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. शिवाय पाच बदली खेळाडू कशाला आहेत? २०२२ पासून तो कायमचा नियम झालाय. दमला तर बाहेर काढ.

साइडलाइनवरून
आधी हिशेब बघा. ९० मिनिटं १२ मध्ये कोंबली, म्हणजे घड्याळ साडेसात पट पळतं. खेळाडू मात्र खऱ्याच वेगाने धावतो. दमसास खऱ्या गतीने उतरवला तर कुणी दमणारच नाही, म्हणून तो मुद्दाम भरभर उतरवावा लागतो. त्यात पासही बिघडवले तर तासाभराच्या खेळातच दोन्ही संघ बॉल एकमेकांना दान करत बसतील.

डिचोलीचा डावा पाय
गोलीबाब, पास गटारात नको, थोडा आखूड पडू दे, एवढंच. साइडलाइन, हिशेब मान्य. पण मग बॉलमागे धावणाऱ्याचाच दम का काढायचा?

फातोर्ड्याची वरची पायरी
कारण पासिंग त्यासाठीच असतं रे! बॉल दमत नाही, त्याच्यामागे धावणारा दमतो. कोच लोबेराच्या वेळची, पासवर खेळणारी एफसी गोवा स्टेडियममध्ये बसून पाहिलीय मी. तू पासलाच दंड लावलास तर सगळे लांब बॉल मारून पळत सुटतील.

म्हापशाचा गोली
आणि नुसते पास करून गोल होतात असंही नाही. २०१८ च्या वर्ल्डकपात स्पेनने रशियाविरुद्ध हजारावर पास केले, मॅच १-१, पेनल्टीत घरी.

साइडलाइनवरून
ईए स्पोर्ट्स एफसी या गेममध्ये ऑफलाइन खेळताना पास एररचा, म्हणजे पास किती चुकावेत ते ठरवणारा स्लायडर असतो, तो वाढवून बघ. पण तो पहिल्या मिनिटापासून सगळ्यांना सारखाच लागतो, दमलेला-ताजा बघत नाही. तिथे डाव्या पायाचं म्हणणं खरं आहे.

डिचोलीचा डावा पाय
वाढवतो. रविवारी मावसभाव येतोय, त्याला सांगू नका.