नावाआधी स्टुडिओ बघा

भाचीला आर्किटेक्चरसाठी कुठलं कॉलेज घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. मुंबईचं जेजे मिळालं तर डोळे झाकून घ्या, नाहीतर नागपूरचं व्हीएनआयटी, असं वर दोघांनी सुचवलंय. दोन्ही उत्तमच. पण व्हीएनआयटीला जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर लागतो, नुसत्या नाटावर (ही आर्किटेक्चरची दुसरी प्रवेश परीक्षा) तिथे काम भागत नाही. तिने तो दिला नसेल तर तो विषयच संपला.

मग उरली घराजवळची खासगी कॉलेजं. तिथे माहितीपत्रक वाचत बसू नका, जूरीच्या दिवशी, म्हणजे मुलं आपलं काम सरांपुढे मांडतात तेव्हा, जाऊन मागे उभे राहा. सर लोक ड्रॉइंगवर बोलतात की नुसते मार्क टाकतात, ते दहा मिनिटांत कळतं. आणि स्टुडिओ, म्हणजे ड्रॉइंग-मॉडेल करायचा वर्ग, किती वाजेपर्यंत उघडा असतो ते विचारा. आमच्याकडे सहाला कुलूप! मॉडेल छातीशी धरून लोकलने घरी न्यायचं. एकदा ठाण्याला उतरेपर्यंत माझ्या शाळेच्या इमारतीचं छप्परच चेपलं होतं.

फीशिवाय मॉडेलसाठी माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा), प्रिंट, स्टडी टूर, लॅपटॉप हा खर्च पाच वर्षं चालतो, तोही धरा.

कॉलेजला काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता आहे का ते मात्र आधी तपासा, नाहीतर पुढे काउन्सिलकडे नोंदणी अडते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे तिथे नोंदणी नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही.