मदत हवी आहे: मासा लागतो आणि दोरा तुटतो (तिसऱ्यांदा!)

काठावरचा
लवकर सांगा, परवा पहाटे परत जायचंय.
तीनदा तेच झालं. मासा लागतो, काठी वाकते, दहा-पंधरा सेकंद ओढाताण होते आणि एकदम सगळं सैल. मासाही गेला, गळही गेला. आधी साधा दोरा होता तेव्हा असं कधी झालं नाही. आता ब्रेड लावलाय तर हे नाटक. 20 पौंडाचा आहे, मासा काही 20 पौंडाचा नव्हता. माल डुप्लिकेट निघाला का? कुठला घ्यावा तेवढं सांगा, प्रवचन नको.

पाणकोंबडी
ब्रेड पाण्यात लगेच विरघळतो, म्हणून हा त्रास. कडा काढून टाका, आतला मऊ भाग ओल्या हाताने मळा आणि त्यात चिमूटभर कापूस पिंजून घाला. गोळी गळावर घट्ट बसते. मी वर्षानुवर्षं असंच करतो.

काठावरचा
अहो, ब्रेड म्हणजे विणलेला दोरा! आमिषाचं कोण बोलतंय?

जुना बोया
अर्ध्या माहितीवर पूर्ण उत्तर कसं देणार? गाठ कोणती मारता? तुटतो कुठे, गळाशी, मध्येच की रिळाजवळ? ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, किती ठेवलाय? आणि हातात परत आलेलं टोक कसं दिसतं?

काठावरचा
गाठ नेहमीचीच. ड्रॅग बरोबर आहे.

जुना बोया
नेहमीची म्हणजे तुमच्या नेहमीची की माझ्या?

हातदोरी
काठी, रीळ, ड्रॅग ही सगळी हौस आहे. तंगूस, आपला साधा नायलॉनचा दोरा, हातात धरायचा, बोटावर घ्यायचा. मासा नुसता हुंगून गेला तरी बोटाला कळतं. मासा पळाला की सोडायचा, थांबला की ओढायचा. झाला तुमचा ड्रॅग.

ओली वाट
@हातदोरी, तंगूस ठीक आहे. ब्रेड बोटाला गुंडाळून बघा एकदा. मासा पळाला की बोट चिरतं, अगदी हाडापर्यंत. कोणी करू नका रे.

हातदोरी
मी ब्रेड वापरतो असं म्हटलंच नाहीये. नीट वाचा.

काठावरचा
भांडण नंतर. टोक आत्ता बघितलं. शेवटच्या दोन-तीन इंचांत बारीक बारीक वळ्या पडल्यात, बाकी गुळगुळीत. हो, आणि ब्रेडच्या पुढे दोन हात तंगूस जोडलाय, तोही दर वेळी माशाबरोबर जातो.

जुना बोया
हे पहिल्याच ओळीत का नाही लिहिलंत! म्हणजे तुमचा दोरा तुटलेलाच नाही. दगडावर घासला असता तर टोक झाडूसारखं पिसकारलं असतं, तंतू सुटे झाले असते. टोक शाबूत आणि वर वळ्या, म्हणजे जोडाची गाठ सरकत सरकत सुटली. वळ्या गाठीच्या वेढ्यांच्या आहेत.
ब्रेड पॉलिएथिलीनच्या तंतूंचा असतो, स्पर्शाला मेणचट, निसरडा. तंगसाला चालणारी गाठ त्यावर धरत नाही. शिवाय तंगूस ताणला जातो, माशाचा झटका थोडा पितो. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, सगळा हिसका थेट गाठीवर. म्हणून साध्या दोऱ्यावर हे कधी झालं नाही.
आता सांगा, जोडाला कोणती गाठ? आणि तंगूस किती पौंडाचा?

काठावरचा
दोन्ही टोकं एकत्र धरून दोन निरगाठी. तंगूस 12 पौंडाचा.

ओली वाट
निरगाठ! 😂 काठावरचा भाऊ, डबल युनी शिका. दोन्ही दोरे आडवे ठेवून एकाची गाठ दुसऱ्यावर मारायची. तंगसाचे 5 वेढे, ब्रेडचे 8 तरी. आवळण्याआधी थुंकी लावा. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने तापते आणि तंगूस तिथेच कमजोर होतो.

रेतीचा किनारा
डबल युनी जाडी होते, काठीच्या कडीत अडकते. एफजी गाठच मारा. ब्रेड तंगसावर वीसेक वेढे विणत न्यायचा. कडीतून लोण्यासारखी जाते.

ओली वाट
आणि पहाटे, अंधारात, गार बोटांनी ती कोण विणणार? तुम्ही येताय का परवा?

रेतीचा किनारा
घरून विणून न्यायची. पाण्यावर गाठी मारणारा कायम घाईत असतो.

हिरवा काठ
सगळे गाठीत गुंतलेत. तीन मासे तोंडात गळ आणि दोन हात तंगूस घेऊन फिरताहेत, त्यांचं काय? तो तंगूस झुडपात अडकला की मासा तिथेच मरतो. निदान गळाचा उलटा काटा पकडीने चेपून टाका. खायचा नसेल तर मासा सहज सोडता येतो. सोडताना हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघून जातो.

काठावरचा
काटा चेपला तर मासा सुटेल की!

हिरवा काठ
दोरा सैल सोडलात तर सुटेल. आत्ता काटा शाबूत असून तरी किती हाती लागले?

जुना बोया
🙂 मुद्दा बरोबर आहे. आणि काठावरचा, तुमचा हिशोब 20 चा नाही, 12 चा. 12 पौंड म्हणजे साधारण साडेपाच किलो. ड्रॅग त्याच्या पाव ते तिसरा हिस्सा, दीड किलोच्या आसपास. ताणकाटा दोऱ्याला अडकवून मोजा. "बरोबर आहे" हे काही माप नाही.

काठावरचा
मोजलं. एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं काट्याला. जुनी निरगाठ दोन किलोलाच सरकायला लागली, डोळ्यांसमोर टोक आत जाताना दिसलं. डबल युनी तीनदा चुकली. चौथी धरली. साडेचार किलोला तंगूस गळाजवळच्या गाठीत तुटला, जोड तसाच. ड्रॅग तीन किलोवर होता, कमी केला.
एफजीचा नाद सोडला. पाणकोंबडी, कापूस किती घालायचा म्हणालात?

पाणकोंबडी
चिमूटभर. जास्त घातला तर गोळी कडक होते, मासा थुंकतो.

नवा गळ
सगळं वाचलं. ब्रेड कुठला घ्यावा ते कोणीच सांगितलं नाही. मलाही घ्यायचाय.