क'गारी बेटावर मुक्काम कुठे करावा, जिथे पुळण हाच रस्ता आहे?

प्रश्न: अंत्रुजवासी, फोंडा

नमस्कार. माझा धाकटा भाऊ ब्रिस्बेनला असतो. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत मी, माझी पत्नी, 8 वर्षांची मुलगी आणि 72 वर्षांची आई असे चौघे त्याच्याकडे जाणार आहोत. त्याने तीन रात्रींसाठी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतच्या क'गारी बेटाचा बेत आखला आहे. जून 2023 पर्यंत याच बेटाचे अधिकृत नाव फ्रेझर आयलंड होते. जवळजवळ संपूर्ण बेट वाळूचे असून पूर्वेकडची लांबच लांब पुळण हाच तिथला हमरस्ता आहे, आणि त्या पुळणीवर ताशी 80 किलोमीटरची वेगमर्यादाही ठरवून दिलेली आहे. आपल्या गोव्यात पुळणीवर गाडी उतरवली तर दंड होतो, त्यामुळे आमच्यापैकी कोणालाही असा अनुभव नाही.

राहण्यासाठी चार ठिकाणे समोर आहेत: पश्चिमेकडचे किंगफिशर बे, पूर्व किनाऱ्यावरचे युराँग, त्याच्या बरेच उत्तरेला कॅथेड्रल्स हे कुंपण असलेले तंबूस्थळ, आणि अगदी उत्तरेला ऑर्किड बीच येथील भाड्याचे घर. भावाचे मन ऑर्किड बीचवर बसले आहे, कारण तिथे गर्दी नसते आणि घराच्या ओसरीतून समुद्र दिसतो. आईचे गुडघे दुखतात आणि तिला गाडीत फार धक्के सहन होत नाहीत. जे प्रत्यक्ष जाऊन आले आहेत त्यांनी कृपया सांगावे की निवड नेमकी कशावरून करावी.

प्रतिसाद: शापोराकाठ, म्हापसा

दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा जण ऑर्किड बीचलाच राहिलो होतो, म्हणून लिहितो. घर सुंदर होते आणि जागाही तुमचा भाऊ म्हणतो तशीच निवांत होती. परंतु खोली, ओसरी आणि देखावा यांच्या आधी भरतीचे वेळापत्रक पाहायला हवे होते, ते आम्ही पाहिले नाही.

तिथल्या उद्यान खात्याची सूचना अशी आहे की पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास पुळणीवर गाडी चालवू नये. आमच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण भरती सकाळी दहाच्या सुमारास होती. म्हणजे आठ ते बारा घरातच बसणे आले, आणि मे महिन्यात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात पुळणीवर गाडी चालवणे आम्हाला शक्य नव्हते, तेव्हा हातात उरले जेमतेम पाच तास. मधल्या बेटावरचे मॅकेन्झी सरोवर पाहायचे तर ऑर्किड बीचहून आधी साठेक किलोमीटरची पुळण उतरून दक्षिणेला यावे लागते, आणि मग आतल्या वाळूच्या वाटेवर ताशी 30 किलोमीटरची मर्यादा. जाऊन परत येण्याचा हिशेब बसेना. तीन दिवसांत ते सरोवर आम्ही पाहूच शकलो नाही.

त्यात इंडियन हेडचा खडक. तिथे पुळण तुटते आणि गाडी आतल्या भुसभुशीत वाळूतून वळवावी लागते. आमची गाडी तिथेच रुतली. चाकांतली हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवायची हे आम्हाला माहीत होते, पण निघण्याच्या घाईत मागच्या दोन चाकांची राहून गेली होती. फावड्याने चाकापुढची वाळू ओढावी, तर वरून तितकीच कोरडी वाळू पुन्हा घसरून येई. गुडघे टेकून शेवटी हातांनीच ती बाजूला सारली. मागून आलेल्या एका कुटुंबाने चाकांखाली घालायच्या फळ्या दिल्या, तेव्हा गाडी निघाली. आईंना घेऊन हा प्रसंग नको.

माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला युराँग. इन्स्किप पॉइंटहून तराफ्याने हूक पॉइंटला उतरल्यावर तीस-पस्तीस किलोमीटरच्या पुळणीनंतर ते गाव लागते. तिथे दुकान, पेट्रोल आणि बेकरी आहे. मुख्य म्हणजे तिथूनच बेटाच्या आत जाणारी वाट फुटते, त्यामुळे भरती असली की सरोवराकडे जायचे आणि ओहोटी असली की पुळणीवर, असा दिवस आखता येतो. ऑर्किड बीचवर ही सोय जवळजवळ नाही.

गाडी भाड्याने घेताना करारपत्र अक्षर न् अक्षर वाचा. अनेक कंपन्या वाळूवर गाडी नेण्यास मनाई करतात, आणि खाऱ्या पाण्याने झालेल्या नुकसानीला बहुधा विमा लागू होत नाही. बेटावर गाडी नेण्याचा परवानाही आधीच काढावा लागतो.

प्रतिसाद: साळमुख, बेतूल

शापोराकाठ यांनी मुद्दा योग्य मांडला आहे, त्यात थोडी भर घालतो. आमच्या घरी होडी होती आणि वडील तिथीवरून भरती सांगत: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, म्हणून अष्टमीला सहा वाजता. हे गणित आपल्या कोकण किनाऱ्याचे आहे, ते तिकडे मुळीच लावू नका. तिथली वेळ तिथल्या हवामान खात्याच्या तक्त्यावरूनच घ्यावी; पूर्व पुळणीसाठी वॅडी पॉइंटचा तक्ता पाहतात.

मात्र चंद्र सर्वत्र एकच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तिथेही उधाण असते आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. उधाणात पाणी थेट वाळूच्या टेकड्यांना भिडते आणि गाडीला जागाच उरत नाही. उलट ओहोटीला पुळण रुंद आणि टणक मिळते. भांगात दोन्ही टोके सौम्य असतात. नवख्याने, आणि विशेषतः वयस्कर माणसे सोबत असताना, भांगाचे दिवस निवडावेत असे मला वाटते. तारखा अजून पक्क्या नसतील तर कालनिर्णय उघडून आधी अष्टमी पाहा आणि नंतर खोली आरक्षित करा. भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा तिन्ही दिवसांच्या वेळा कागदावर लिहून गाडीत ठेवा, कारण मोबाइलला तिथे सगळीकडे रेंज मिळत नाही.

खरी भीती मात्र लाटांपेक्षा व्हाळांची. बेटावरून समुद्राकडे येणारे गोड्या पाण्याचे व्हाळ पुळण आडवी कापून जातात आणि काठ उभा कातरतात. ताशी 80 च्या वेगात तो काठ दूरून दिसत नाही. प्रत्येक व्हाळाआधी वेग कमी करावा, आणि खोली समजत नसेल तर गाडी थांबवून उतरून पाहावे. याच पुळणीवर पर्यटकांची छोटी विमानेही उतरतात, तेव्हा त्यांना वाट द्यावी लागते.

प्रतिसाद: मडगावची मावशी

मी 68 वर्षांची आहे आणि मुलीबरोबर गेल्या वर्षी किंगफिशर बेला राहिले होते, म्हणून तुमच्या आईच्या बाजूने लिहिते. रिव्हर हेड्सहून फेरीने पाऊण-एक तासात पोहोचले, समुद्र शांत होता आणि उतरल्यावर पुळणीवर गाडी चालवायची गरजच नव्हती. बेट दाखवणारी उंच चाकांची बस तिथूनच सुटते. मात्र तुम्हाला वाटत असेल की बसमध्ये धक्के बसणार नाहीत, तर तसे नाही. आतल्या वाटेवर झाडांची मुळे वर आलेली आहेत आणि मी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसले होते. आईंना पुढच्या बाजूची जागा मागून घ्या, मागे फार उडायला होते.

इलाय क्रीक त्यांना नक्की दाखवा. व्हाळाच्या काठाने लाकडी फळ्यांची वाट आहे, पाणी नितळ आणि थंड आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसालाही पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडता येतात. मी तशी अर्धा तास बसले होते. समुद्रात मात्र कोणीही उतरू नये, तिथे ओढ जबरदस्त आहे आणि शार्कही आहेत.

मुलीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. बेटावर डिंगो, म्हणजे रानकुत्रे, मोकळे फिरतात. 2001 साली त्यांच्या हल्ल्यात 9 वर्षांचा मुलगा दगावला होता. दिसायला ते आपल्या गावच्या कुत्र्यासारखेच असतात, म्हणून मुलांना ते लांबून ओळखीचे वाटतात. लेकीला एक क्षणही हाताच्या अंतराबाहेर जाऊ देऊ नका आणि खाण्याचे पदार्थ उघडे ठेवू नका. तंबूतच राहायचे ठरले तर कुंपण असलेल्या जागीच राहा, त्या दृष्टीने कॅथेड्रल्स बरे.

अंत्रुजवासी, फोंडा

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री भावाशी बोललो आणि तुमचे प्रतिसाद त्याला वाचून दाखवले. ऑर्किड बीच आम्ही सोडून दिले आहे. पहिली रात्र किंगफिशर बेला काढून दुसऱ्या दिवशी बेटाच्या आतून, मॅकेन्झी सरोवर पाहत युराँगला यायचे आणि उरलेल्या दोन रात्री तिथे राहायचे, असे ठरत आहे. तारखाही पुढे ढकलून अष्टमीच्या आसपास आणल्या आहेत.

मावशी, एकच विचारायचे होते. किंगफिशर ते युराँग ही वाट आईला आमच्या गाडीतून सोसेल का, की तो टप्पा तिने बसनेच करावा?

मडगावची मावशी

गाडीतूनच न्या. बस सर्वांच्या वेळेने चालते, तुम्ही आईच्या वेळेने चालवू शकता. पुढच्या सीटवर बसवा, कमरेमागे उशी द्या आणि वाटेतल्या सेंट्रल स्टेशन या वनखात्याच्या जुन्या तळावर अर्धा तास थांबा. तिथे उंच झाडांची दाट सावली आहे, आणि वाळूच्या तळावरून वाहणारा व्हाळ इतका स्वच्छ आहे की पाणी आहे हे आधी कळतच नाही.