लायसन्स-पासिंग नको म्हणून घेतलेली इलेक्ट्रिक स्कूटर आता ४३ ने पळतेय, इन्शुरन्सचं काय?

दोन_चाकं_एक_डोकेदुखी
लेक पंधराची आहे, क्लासला जायला म्हणून बॅटरीवरची स्कूटर घेतली. दुकानदार म्हणाला लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको, नुसती चार्ज करा नि पळवा. महिनाभर ठीक चाललं, मग लेकीची कुरकुर सुरू झाली की चढावर सायकलवाले पण पुढे जातात. सर्व्हिसिंगला नेली तेव्हा तिथल्या पोराने सीट उचलली, कंट्रोलरपाशी दोन वायरींना जोडणारी एक छोटी पिन होती ती उपटली आणि म्हणाला काकू आता बघा. बघितलं, सपाट रस्त्यावर ४३ दाखवतेय. लेक खूश, मिस्टर पण म्हणतायत की सीट लावल्यावर आतलं कोणाला दिसतंय. पण माझा भाऊ म्हणतो की आता हिला लायसन्स लागतं आणि उद्या कोणाला धडकली तर आपण मेलो. खरंय का? आणि निदान इन्शुरन्स तरी काढता येईल का?

कलम१४६
ताई, आधी ती पिन परत बसवून घ्या, बाकीचं मग वाचा.
सूट "इलेक्ट्रिक" म्हणून मिळत नाही, हा घोळ सगळीकडे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत सरळ लिहिलंय की मोटरची ३० मिनिटांची पॉवर (म्हणजे मोटर सलग अर्धा तास देऊ शकते ती ताकद) २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किमीच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, आणि एआरएआयसारख्या टेस्टिंग एजन्सीने तसं पास केलेलं असेल, तर ती गाडी मोटार वाहन धरायची नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती जवळपास सायकल. यातली एक जरी अट मोडली की ती तुमच्या-माझ्या स्कूटरसारखीच स्कूटर, मग लायसन्स, पासिंग, हिरवी प्लेट, हेल्मेट, इन्शुरन्स सगळं आलं. अहो, लूना ५० सीसीची होती तरी तिला पासिंग लागायचंच की.
आत्ता तुमची गाडी पासिंग नसलेली, इन्शुरन्स नसलेली आणि चालवणारी अल्पवयीन. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनालायसन्स ५ हजार दंड, इन्शुरन्स नसेल तर पहिल्यांदा २ हजार किंवा ३ महिने कैद किंवा दोन्ही. पण खरं भ्यायचं ते कलम १९९अ ला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, वर त्या मुलीला २५ वर्षांची होईपर्यंत लायसन्स नाही. मिस्टरांना एवढं एकच वाचून दाखवा.

बिनधास्त_७७
कोण पकडतंय हो. आमच्या सोसायटीत अशा आठ गाड्या आहेत, चार वर्षांत एक पावती नाही. उगाच घाबरवू नका बाईंना.

गॅरेजचा_राजा
बिनधास्तराव, पावती ही फार लहान गोष्ट आहे. माझ्या मेव्हण्याची अशीच वेगाचं लॉक (ताईंच्या गाडीतली ती पिन) काढलेली गाडी होती, एका आजोबांना लागली, खुब्याचं हाड मोडलं. पोलीस केस झाली, गाडी तपासायला आरटीओचा माणूस आला, त्याने चालवून बघितली आणि रिपोर्टमध्ये वेग लिहिला. झालं. त्या क्षणापासून ती मोटार वाहन आणि तेही इन्शुरन्स नसलेलं. आजोबांच्या घरच्यांनी मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावला. आता थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा) असती तर भरपाई कंपनीने दिली असती, इथे सगळं मेव्हण्याच्या खिशातून, बायकोची एफडी मोडली. गाडी चौकीच्या आवारात तीन महिने पडून, सोडवली तेव्हा बॅटरी पार मेलेली आणि आरशावर कावळ्यांनी घाण केलेली.
आणि लॉक असलेली २५ ची गाडी असली तरी मोकळं रान नाही. बेदरकार चालवून कोणाला जखमी केलं तर भारतीय न्याय संहिता लागतेच, तिथे वाहन म्हणजे कुठलंही वाहन.

पॉलिसीवाली
मी याच धंद्यात आहे. आत्ता आहे त्या अवस्थेत थर्ड पार्टी निघणार नाही, कारण आरसी (पासिंगचं पुस्तक) नाही आणि ती होणारही नाही, गाडी त्या प्रकारात पासच झालेली नाही. कोणी "काढून देतो" म्हणालं तर पैसे देऊ नका. पिन बसवून २५ च्या आत आणली तर सक्तीचा विमा नाही, पण लेकीच्या नावाने पर्सनल अॅक्सिडेंट विमा घ्या, गाडी कुठलीही असो ते उपयोगी पडतं.
पुढे पासिंगवाली घ्याल तेव्हा थर्ड पार्टी स्वस्त आहे. २०२२ च्या नोटिफिकेशनप्रमाणे ३ ते ७ किलोवॉटच्या ई-दुचाकीला वर्षाला ६०७ रुपये, नवीन गाडीला एकदम ५ वर्षांचं घ्यावं लागतं ते ३,२७३, वर जीएसटी. पण थर्ड पार्टीत स्वतःची गाडी जळली, चोरीला गेली, पाण्यात बुडाली तर एक रुपया मिळत नाही. त्यासाठी ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) लागतं, आणि त्यात बॅटरी कशी धरलीय ते पॉलिसीत शोधा, गाडीत सगळ्यात महाग तीच. घरात चार्जिंगला लावून आग लागली तर गाडीच्या पॉलिसीतून भिंती-फर्निचर भरून मिळत नाहीत, ते घराच्या पॉलिसीत.

दोन_चाकं_एक_डोकेदुखी
बापरे. चावी काढून घेतलीये लेकीची, घरात अबोला आहे. पिन त्या पोराने कुठे टाकली कोण जाणे. पण कलमदादा, तुमचं वाचून मागच्या चाकाजवळ मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं, मोटरवर १००० वॉट कोरलंय. मग पिन लावून तरी काय?

कलम१४६
थांबा, कोरलेला आकडा कधीकधी पीक पॉवरचा (थोडाच वेळ मिळणाऱ्या जास्तीत जास्त ताकदीचा) असतो, नियम ३० मिनिटांचा आकडा धरतो. दुकानदाराकडे त्या मॉडेलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावर पॉवर आणि वेग दोन्ही असतात. देत नसेल तर ग्राहक आयोगात जाता येईल, तेव्हा बिल आणि "लायसन्स नको" लिहिलेलं त्याचं पत्रक जपून ठेवा.

दोन_चाकं_एक_डोकेदुखी
पत्रक आहे. फ्रिजवर मॅग्नेटने लावलंय, लेकीनेच लावलं होतं.