आपल्याच ब्लॉगची लिंक आपणच बुकमार्किंग साइटवर टाकावी का?

दुवेकरी
रेडिट, हॅकर न्यूज, लॉब्स्टर्स अशा, म्हणजे लोक लिंका टाकतात आणि मतं देऊन वर आणतात त्या ठिकाणी आपल्या लेखाची लिंक आपणच टाकणं म्हणजे निर्लज्जपणा, असं मत नेहमी ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. या साइट्सनी परवानगी लेखी दिलेली आहे, फक्त मर्यादा घालून. हॅकर न्यूजचा नियम असा की अधूनमधून स्वतःचं टाका, पण खातं मुख्यतः जाहिरातीसाठी वापरू नका. लॉब्स्टर्सवर स्वतःचा माल एकूण लिंका आणि प्रतिसादांच्या पाव हिश्श्याहून कमी हवा, आणि ‘या पानाचा लेखक मीच आहे’ अशी खूण करायची चौकट फॉर्ममध्येच आहे. रेडिटवर दहा लिंकांत एक स्वतःची हा जुना संकेत.

माझ्या मते रीत अशी असावी. खातं उघडल्यावर पहिला महिनाभर स्वतःची एकही लिंक नको, नुसते प्रतिसाद. मग एक लेख एकाच ठिकाणी, एकदाच. शीर्षक लेखाचंच, मसाला न लावता. ‘लेख माझाच आहे’ हे पहिल्याच प्रतिसादात सांगायचं आणि पुढचे तीन-चार तास उत्तरं द्यायला हजर राहायचं. लिंक टाकून झोपायला जाणार असाल तर उद्या टाका.

खडूस वाचक
असहमत. दहात एक म्हटलं की लोक नऊ भरतीच्या लिंका टाकतात: कुठल्यातरी वर्तमानपत्राच्या, न वाचलेल्या. दहावी आपली. नियम पाळला, साइट मात्र कचऱ्याने भरली. लेख चांगला असेल तर दुसरा कुणीतरी टाकेल. नाही टाकला तर तेही एक उत्तरच आहे.

आणि लिहिणाऱ्यांच्या हाती दार दिलं की काय होतं ते डिग या अशाच साइटने दाखवलंय. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी चौथी आवृत्ती आणली. प्रकाशकांना आपली फीड (नव्या लेखांची आपोआप बनणारी यादी) जोडून लिंका आपोआप आत ढकलायची सोय केली. वाचक इतके भडकले की त्यांनी मुखपृष्ठ रेडिटच्या लिंकांनी भरून टाकलं आणि तिकडेच मुक्काम हलवला. २०१२ मध्ये डिग तुकड्यातुकड्यांत विकलं गेलं.

दुवेकरी
@खडूस वाचक, डिगचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो. तिथे फीड लिंक टाकत होती, माणूस नव्हे. लिंकेखाली कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला कोण होतं? मी म्हणतोय ते बरोबर याच्या उलट. आणि ‘दुसरा कुणीतरी टाकेल’ हे ज्याला आधीच वाचक आहेत त्याच्यासाठी ठीक. नव्या ब्लॉगला तो दुसरा कुणीतरी आणायचा कुठून?

भरतीच्या लिंकांबद्दल मात्र सहमत. म्हणूनच आधी प्रतिसाद म्हटलं, लिंका नव्हे.

क्रॉलर
मूळ प्रश्न सभ्यतेचा नाहीच, हेतूचा आहे. निम्मे लोक बॅकलिंकसाठी, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक मिळून गूगलमध्ये वर यावं म्हणून हे करतात, आणि तो हेतूच मेलेला आहे. ‘नोफॉलो’, म्हणजे या लिंकेला वजन देऊ नका असं सर्च इंजिनला सांगणारी खूण, २००५ पासून आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने वापरकर्त्यांनी टाकलेल्या लिंकांसाठी ‘यूजीसी’ ही वेगळी खूण आणली. गूगलच्या स्पॅम धोरणात तर निकृष्ट डिरेक्टरी आणि बुकमार्क साइटवरच्या लिंका हे लिंक-स्पॅमचं उदाहरण म्हणून नावानिशी दिलंय. तेव्हा ‘शेकडो बुकमार्क करून देतो’ म्हणणाऱ्या एजन्सीला पैसे देणं म्हणजे पदरमोड करून दुखणं विकत घेणं.

या एजन्सींच्या बुकमार्किंग साइटच्या याद्याही शिळ्या असतात. डिलिशस २००३ मध्ये निघालं, २००५ मध्ये याहूने घेतलं, बरेच हात बदलून २०१७ मध्ये पिनबोर्ड या दुसऱ्या बुकमार्किंग सेवेने विकत घेतलं आणि नव्या नोंदी बंद केल्या. स्टंबलअपॉन जून २०१८ मध्ये गेलं. पॉकेट जुलै २०२५ मध्ये. यादीत ही नावं दिसली की यादी बंद करा.

निळी शाई
चर्चा चांगली आहे, पण इथले बहुतेक जण मराठीत लिहितात. हॅकर न्यूजवर इंग्रजीशिवाय काही चालत नाही. मराठी लेखासाठी ‘आर/मराठी’, ‘आर/महाराष्ट्र’ किंवा शहराचं सबरेडिट (रेडिटवरचा वेगळा कट्टा). प्रत्येकाचे नियम वेगळे असतात आणि ते उजवीकडच्या पट्टीत लिहिलेले असतात. तिथे जाहिरातबंदी असेल तर विषय संपला. धूसर असेल तर आधी मॉडरेटरांना निरोप पाठवून विचारायचं.

आता मराठीची खास अडचण. ब्राउझरच्या पत्तापट्टीत लेखाचा पत्ता ‘आंब्याचे-लोणचे’ असा सुबक दिसतो, पण तो पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. प्रत्येक अक्षर, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांचे तीन-तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन वर्णांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाचे ९ वर्ण. या दोन शब्दांची १३ चिन्हं, त्यांचे ११७ वर्ण, मधली आडवी रेघ धरून ११८. वाचणाऱ्याला वाटतं व्हायरसची लिंक आहे. त्यात वर्डप्रेस असा पत्ता २०० वर्णांशी तोडतो, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ब्लॉगरची तऱ्हा आणखी वेगळी: शीर्षक पूर्ण देवनागरी असेल तर पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा.

दोन्हीकडे उपाय एकच. प्रकाशित करण्याआधी पत्ता हाताने रोमन अक्षरांत, तीन-चार शब्दांचा द्या. वर्डप्रेस नंतर बदललेल्या पत्त्यावर जुनी लिंक स्वतःच वळवतं. ब्लॉगरमध्ये ते तसं होत नाही, म्हणून तिथे आधीच.

खडूस वाचक
ही माहिती कामाची आहे. पण पत्ता सुबक केला तरी शेवटी लोकांच्या नजरेसमोर आपलंच नाव नाचवायचं ना? आणि ते यूटीएमचं शेपूट, म्हणजे वाचक कुठून आला ते मोजायला पत्त्याच्या शेवटी जोडलेली खूण! लिंक टाकणारा वाचकाला मोजतोय हे त्यातून उघड दिसतं. त्यापुढे सभ्यता कसली?

क्रॉलर
यूटीएमबद्दल थोडी वकिली करतो. रेडिटच्या अ‍ॅपमधून आलेला वाचक बऱ्याचदा ‘डायरेक्ट’ म्हणून नोंदला जातो, कुठून आला ते कळतच नाही. शेपूट असेल तर कळतं. पण शेपूट बदललं की तोच लेख साइटला नवी लिंक वाटू शकतो आणि आधी कुणी टाकलाय हे पकडता येत नाही. म्हणून बुकमार्किंग साइटवर स्वच्छ पत्ताच बरा. मोजायचंच असेल तर त्या दिवशीचा एकूण आकडा आदल्या आठवड्याच्या त्याच वाराशी ताडून पाहा. लिंक छोट्या करणाऱ्या सेवा तर नकोच. रेडिटचे फिल्टर त्या सरळ गाळतात.

मधली सुटी
इथे कुणी न बोललेली गोष्ट म्हणजे मतं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सगळ्यांनी अपव्होट करा’ असा निरोप टाकायचा आणि काका, मामा, आतेभाऊ सगळ्यांनी अर्ध्या तासात नवी खाती उघडून मत द्यायचं. रेडिटच्या नियमांत याला मतांशी छेडछाड म्हणतात आणि खातं बंद होऊ शकतं. हॅकर न्यूजवर मतं मागायचीच नाहीत असा नियम आहे, आणि टोळीने दिलेली मतं ओळखून सोडून दिली जातात. म्हणजे आतेभावाची मेहनत वाया, वर खात्यावर संशय.

आपली लिंक लोकांना दिसतेय का हे तपासायचं असेल तर लॉगआउट करून किंवा प्रायव्हेट विंडोत सबरेडिटचं ‘न्यू’ पान उघडा. तुम्हाला दिसते आणि तिथे नाही, तर ती गाळली गेलीय. बहुतेकदा कारण खात्याचं वय किंवा कर्म (रेडिटवर मतांतून मिळणारे गुण) कमी, आणि ऑटोमॉडरेटर हा आपोआप चालणारा बॉट ते बघतो. पुन्हा पुन्हा टाकू नका, मॉडरेटरांना एक निरोप पुरे.

दुवेकरी
शीर्षकाचं राहिलं. रेडिटवर ३०० वर्ण मिळतात, पण एकदा टाकलेलं शीर्षक बदलता येत नाही, तेव्हा शुद्धलेखन आधीच तपासा. हॅकर न्यूजवर ८० वर्ण, आणि तिथले मॉडरेटर भडक शीर्षक स्वतःच साधं करतात.

निळी शाई
एक प्रश्न. लिंक टाकली, कुणाचं लक्षच गेलं नाही. परत टाकणं असभ्य का?

दुवेकरी
हॅकर न्यूजचं धोरण स्पष्ट आहे: वर्षभरात त्या लेखाकडे फारसं लक्ष गेलं नसेल तर थोड्या वेळा पुन्हा टाकलेला चालतो. जुनी नोंद पुसून नवी टाकणं मात्र चालत नाही. रेडिटवर सबरेडिटचे नियम बघा.

खडूस वाचक
आणि दुसऱ्यांदाही कुणी बघितलं नाही तर लेख पुन्हा वाचून बघा, लिंक नव्हे. स्वतः टाकू नये हे माझं मत तसंच आहे. पण टाकणारच असाल तर ‘लेख माझाच आहे’ ही ओळ तरी दुवेकरी म्हणतात तशी पहिल्याच प्रतिसादात लिहा. तिसऱ्या माणसाने लेखकाचं नाव हुडकून काढल्यावर लिहिली तर तिला कबुलीजबाब म्हणतात.