जिप्सीचा पुढचा जॉइंट फुटला, वाटी वेल्ड करून चालेल का?

चिखल्या_९८

नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग, ९८ चं मॉडेल, टायर ३१ इंची मड. रविवारी ताम्हिणीच्या अलीकडे ओढ्यातून वर चढत होतो, फोर-लो मध्ये (चारही चाकांना ताकद, सगळ्यात हळू गिअर), पुढचं डावं चाक दगडाला अडलं म्हणून स्टिअरिंग पूर्ण तोडलं आणि जरा जास्तच रेस दिली, चाक हवेत उडालं, धप्पकन खाली टेकलं आणि फट्ट असा आवाज, बायकोला वाटलं टायर गेला. त्यानंतर पुढून नुसती कडकड. दोन्ही हब फ्री केले (म्हणजे पुढची चाकं शाफ्टपासून सुटी), टू-एच ला टाकली (फक्त मागच्या चाकांना ताकद), मित्राच्या गाडीला पट्टा बांधून वर आलो आणि तशीच पुण्यात घरापर्यंत चालवत आणली. वळवताना मधेच आत काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, पण आली.

आज मेकॅनिकने उघडली. वाटीचा (म्हणजे शाफ्टची ताकद वळलेल्या चाकापर्यंत नेणाऱ्या जॉइंटचा बाहेरचा कप, ज्यात छर्रे फिरतात तो) एक तुकडाच उडालाय, पिंजरा तुटलाय, सहातला एक छर्रा चिरलाय, आणि नकलमधलं (जॉइंटभोवतीचं, चाकाबरोबर वळणारं घर) ग्रीस म्हणाल तर अक्षरशः ताक. पांढरट आणि पातळ. मेकॅनिक म्हणतो तुकडा जागेवर बसवून वेल्ड मारू, मग लेथवर साफ करून घेऊ, काही होत नाही साहेब. नवीन पार्ट लवकर मिळत नाही म्हणे. करू का? का माझा पोपट होणार?

उद्यमनगरकर

भावा, कोल्हापुरात माझं स्वतःचं लेथ आहे, आलेलं काम कोण सोडतंय, पण ही वाटी आली की मी परत पाठवतो. त्या वाटीच्या आत जे सहा चर आहेत ना, ज्यात छर्रे पळतात, त्यांना वरून कडक केलेलं असतं. एक साधी गोष्ट करून बघ. घरातली कानस घे आणि चरावर घास, नुसती सरकेल, ओरखडासुद्धा उठणार नाही. आता वेल्ड मारलेल्या जागेपासून बोटभर अंतरावर घास, कानस धरते बघ लगेच. म्हणजे उष्णतेने पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. आणि वेल्डच्या अगदी कडेला उलटंच होतं, तिथं काचेसारखं ठिसूळ होतं. वर परत वाटी वाकडी होते ते वेगळंच, सहाच्या सहा छर्ऱ्यांनी सारखा भार घ्यायला पाहिजे, चर केसभर जरी सरकला तरी दोनच छर्रे सगळं ओढत बसतात.

एका गिऱ्हाइकाने ऐकलं नाही, दुसरीकडून वेल्ड करून घेतली. पंधरा दिवसांत परत आला आणि या वेळी वाटीबरोबर स्पिंडलपण (ज्यावर हब फिरतो ती पोकळ नळी) खराब करून आला. नाद करू नको.

घाटवाट

वेल्डिंगचं वर आलंच आहे, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण घरापर्यंत चालवत आणली हे वाचून अंगावर काटा आला राव. हब फ्री केले की शाफ्ट फिरायचा थांबतो हे बरोबर, पण तुटलेला छर्रा वाटीत आडवा आला तर स्टिअरिंग वळलेलं आहे तिथेच अडकतं. घाटात वळणावर असं झालं असतं तर? पुढच्या वेळी जागेवरच चाक काढून शाफ्ट बाहेर घ्या, नाहीतर टो करा.

आता ताकाबद्दल. पांढरं म्हणजे पाणी गेलंय, ओढ्याचं. नकलच्या गोळ्यावर मागून जो रबर आणि नमद्याचा सील असतो तो संपलेला असणार. आणि पातळ म्हणजे बहुतेक एक्सलच्या नळीतला ऑइल सीलपण गेलाय, डिफचं (दोन्ही चाकांत ताकद वाटणारा डिफरन्शियल) तेल नकलमध्ये येतंय. असल्या पाणचट ग्रीसवर जॉइंट किती महिने चालला देव जाणे, रविवारी फक्त शेवटचा घाव बसला.

काम करताना: ती बाजू जॅकवर जरा जास्त उंच घ्या आणि घोडी (आधाराचा स्टँड) लावा, म्हणजे शाफ्ट निघाल्यावर तेल अंगावर येणार नाही (तसंही तेल बदलायचंच आहे, त्यात पाणी असणार). कॅलिपर ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने पाट्याला बांधा, आमच्याकडे एकाने असंच होज फाडलंय. हब, मग स्पिंडलचे बोल्ट, स्पिंडल चिकटलेलं असतं, लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका. मग शाफ्ट जॉइंटसकट बाहेर येतो. नळीत काठीला चुंबक बांधून आतपर्यंत फिरवा, काढलेल्या तेलातही फिरवा. चिरलेल्या छर्ऱ्याचा एवढासा तुकडा डिफमध्ये गेला तर या खर्चाची आठवण गोड वाटेल.

शाफ्टच्या दात्यांवर स्टीलची पट्टी धरून बघा, दाते दोरीसारखे पिळलेले दिसले तर शाफ्टपण टाकून द्या. स्पिंडलच्या आतला बुश (शाफ्टला आधार देणारी कडी) बघा. किंगपिनचे (ज्यावर नकल वळते) वरचे खालचे बेअरिंग बघा. नकल उघडलीच आहे तर सील सगळे नवीन, इथे काटकसर नको. ग्रीस मॉलीचं (मॉलिब्डेनम घातलेलं), काळं येतं ते. जॉइंट आधी हाताने दाबून दाबून भरा, छर्ऱ्यांच्या मागून बाहेर येईपर्यंत.

पार्टसाठी नाना पेठेत विचारा, नाहीतर दिल्लीच्या कश्मिरी गेटवरून मागवा. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सींचे शाफ्ट जॉइंटसकट मिळतात, जुना असला तरी मी डुप्लिकेट नव्यापेक्षा तोच घेईन. डावा उजवा लांबीला वेगळा असतो आणि मॉडेलप्रमाणे दात्यांची संख्या बदलते, तुटलेला सोबत घेऊन जा आणि दुकानात उभं राहून दाते मोजा.

जीपवाले_काका

म्हणून म्हणतो आमची जुनी महिंद्रा बरी. आत छर्ऱ्यांऐवजी साधा क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा जॉइंट) आहे, चार टोप्या, सर्क्लिप काढा, ठोका, नवीन बसवा, दुपारच्या जेवणाआधी गाडी रस्त्यावर. 😀

घाटवाट

काका, क्रॉस स्वस्त आहे हे कबूल. पण पूर्ण वळवून फोर-बायमध्ये चालवा, स्टिअरिंग हातात हिसके देतं की नाही? क्रॉस वाकला की एका फेऱ्यात चाक दोनदा जोरात आणि दोनदा हळू फिरतं. छर्ऱ्यांच्या जॉइंटला तो त्रास नाही, त्याचसाठी तो निघाला. आणि क्रॉस धरणारे शाफ्टचे कान फाकले की मग शाफ्टच बदलावा लागतो, ते नाही सांगितलंत.

जीपवाले_काका

हिसके देते, मान्य. त्यानेच दंड कमावलेत आम्ही. चिखल्या, तुला एकच सांगतो, ३१ चे टायर आणि फोर-लो, त्यात स्टिअरिंग टोकाला नेऊन रेस, यात कुठलाच जॉइंट टिकत नाही बाबा. वळण टोकापर्यंत गेलं की अर्धा वेढा परत घ्यायचा, मग पाय द्यायचा. आणि चाक उडायला लागलं की पाय काढायचा. चाक हवेत सुसाट फिरतं, खाली टेकताच थांबतं, तो सगळा झटका त्या वाटीवर.

चिखल्या_९८

सगळ्यांचे आभार. वेल्डिंग रद्द. मेकॅनिकला कानस घासून दाखवली, गप्प झाला.

लष्कराच्या भंगारातला शाफ्ट मिळाला, दाते जुळले. चरातून नख फिरवलं, कुठे अडकत नाही. स्पिंडलचा बुश मात्र एका बाजूने खाल्लेला निघाला, तोही बदलला. नळीतून चुंबकाला दोन तुकडे चिकटून आले, चिरलेल्या छर्ऱ्याला लावून बघितले तर छर्रा पूर्ण होतोय, त्यामुळे डिफ वाचला असं धरून चाललोय.

आता एक शेवटचं, उजवी बाजू चांगली चाललीये, आवाज नाही काही नाही. तीपण उघडू का?

घाटवाट

आवाज येईपर्यंत थांबायचं असेल तर नका उघडू.

चिखल्या_९८

उघडली. ताक.