रिटर्न मालाचा लॉट घेऊन विकायचा विचार आहे, खरंच कुणी केलंय का?

चाकणकर_शिफ्टवाला
नमस्कार मंडळी. मी चाकणला कंपनीत आहे, शिफ्टची नोकरी, बाजूला काहीतरी करावं म्हणून दीड लाख जमवलेत. दोन महिने झाले यूट्यूबवर तेच बघतोय, ऑनलाईन कंपन्यांकडे परत आलेला माल लॉटमध्ये नाहीतर पॅलेटवर (लाकडी फळीवर रचलेला ढीग) घ्यायचा, बॉक्स फोडायचे आणि ५ हजाराचा मिक्सर ८०० ला पडला म्हणून नाचायचं. आता भिवंडीच्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवलीय. घरगुती उपकरणं मिक्स, १४० नग, एमआरपीची बेरीज ४ लाख ३० हजार आणि तो मागतोय ९५ हजार. म्हणतो आज २० हजार टोकन टाका नाहीतर उद्या दुसरी पार्टी उचलेल. बायको म्हणते आधी डोळ्याने बघून ये, पण मला सुट्टी रविवारीच आहे तोपर्यंत लॉट गेला तर? विकायला मंचरला भावाचं दुकान आहे. काय करू सांगा, टोकन टाकू का?

कल्याणचा_जुना_पापी
वहिनींचं ऐका. बाकी पोस्ट वाचली नाही तरी चालेल.

वाचणारच असाल तर सांगतो, मी २०२२ पासून यात आहे आणि पहिल्या लॉटला चांगला आपटलोय. एक तर "रिटर्न" हा शब्द फसवा आहे, त्यात तीन वेगळे माल येतात. आरटीओ म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर, गिऱ्हाईकाने दारातूनच परत पाठवली, बॉक्स फुटलेलाच नाही. कस्टमर रिटर्न म्हणजे फोडून, वापरून, कधी आपटून परत आलेला. आणि सरप्लस म्हणजे न खपलेला. आता विचार करा, न फुटलेला चांगला बॉक्स असेल तर तो पुन्हा कपाटात ठेवून विकता येतो ना? तो तुमच्यापर्यंत कशाला येईल? आला तरी मध्ये दोन-तीन हात लागलेले असतात आणि प्रत्येक हाताने आपापली मलई काढून घेतलेली असते. आपल्याला ताक मिळतं, कधी नुसतं भांडं. म्हणून पहिला प्रश्न भाव किती हा नाही, तुमच्या आधी बॉक्स कुणी कुणी उघडलाय हा आहे.

माझा पहिला लॉट ६० हजाराचा, ११० नग, मिक्सर इस्त्री केटल असाच. टेम्पो ४,५०० आणि हमाली १,२०० वेगळी. त्यातले ३८ लावल्या लावल्या चालू, ते सरासरी ९५० ने गेले म्हणजे ३६,१००. ४१ दुरुस्त करून घेतले, नगामागे १८० खर्च म्हणजे ७,३८०, आणि विकले सरासरी ७०० ने, २८,७०० आले. उरलेले ३१ पार्टसाठी आणि भंगारात, सगळे मिळून ४ हजार. करा बेरीज. ७३,०८० घातले, ६८,८०० आले, आणि हे व्हायला पाच महिने लागले, घरातली एक खोली अडकली ते वेगळंच (आईने त्या काळात माझ्याशी बोलणं जवळजवळ बंद केलं होतं).

एमआरपी तर विसरूनच जा. यादीतला प्रत्येक नग आज अ‍ॅपवर नवा कितीला मिळतो ते बघा, ३,९९५ छापलेला मिक्सर १,६०० ला मिळत असेल तर तुमच्याकडून जुना १,४०० ला कोण घेणार. नव्याच्या निम्म्यात विकायचा म्हटलं तर ८०० येतात, त्यातून फुटका माल, भाडं, दुरुस्ती सगळं निघालं पाहिजे.

दुसरा लॉट मी छोटा घेतला, २५ नग, पण गोडाऊनला बसून स्वतः उघडून, आणि खालच्या थरातून. तेव्हा पैसे सुटले. वरचा थर नेहमी नवरीसारखा सजवलेला असतो.

दुरुस्तीवाली_ताई_इचलकरंजी
दादा, वरच्या भाऊंनी हिशोब सांगितला, मी मालाचं सांगते. आमचं रिपेरिंगचं दुकान आहे, लॉटवाले आमच्याकडेच येतात रडत.

मिक्सरला मोटर जळलेली क्वचित असते हो, कपलर आणि कार्बन ब्रश हे स्वस्तातलं काम आहे, खरी बोंब भांड्यांची. तीन भांड्यांऐवजी एकच येतं, झाकण नसतं, आणि त्या मॉडेलचं भांडं वेगळं घ्यायला गेलात की नफा संपला. इस्त्री आणि केटल नवीन माणसाला बऱ्या. इंडक्शनची काच तडकलेली असेल तर हात लावू नका. पॉवर बँक, फुगलेली बॅटरी असलेलं काहीही घरात आणू नका, लहान मुलं असतात. ट्रिमर, शेव्हर लोकांनी वापरून परत दिलेले असतात, मला तर विकायलाच लाज वाटते.

गोडाऊनला जाताना सिरीज बोर्ड घेऊन जा, १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावलेला. इस्त्री लावली आणि बल्ब पेटलाच नाही तर आत कुठेतरी तुटलंय, आणि एक वायर बॉडीला लावून बल्ब पेटला तर बॉडीत करंट उतरतोय, तो नग बाजूला. व्यापारी प्लग लावून देत नसेल तर उठून या.

हिशोबनीस
दोन-तीन गोष्टी पटकन. बिल घ्याच. जीएसटी नंबर मागा, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, पोर्टलवर टाकला की नाव आणि चालू आहे की बंद ते दिसतं. टोकन ज्या खात्यात मागतोय त्याचं नाव आणि बिलावरचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, उशीर करू नका. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर माल असेल तर ई-वे बिल (माल नेण्याची ऑनलाईन पावती) लागतं, तुमचा लॉट कर धरून त्याखाली बसला तरी गाडीत बिल पाहिजेच. तुम्ही स्वतः दुकानातून फक्त माल विकणार असाल तर वर्षाला ४० लाखाच्या विक्रीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पुढे नोंदणी केलीत तर वापरलेल्या मालाला जीएसटीचा नियम ३२(५) आहे, खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर बसतो, अट एवढीच की खरेदीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घ्यायचं नाही. तुमच्या सीएला विचारून घ्या.

आणि यादीत मोबाईल असतील तर *#०६# ने आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) काढून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासल्याशिवाय एकही घेऊ नका. चोरीचा निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतात.

जर्सीवाली_मावशी
इथे अमेरिकेत पण हेच चालतं, माझ्या भाच्याने पॅलेट मागवलं होतं. पॅलेट स्वस्त पडलं पण घरी आणायचं म्हणजे घरपोचचा वेगळा चार्ज, खाली उतरवायला लिफ्टगेटचा (ट्रकमागची माल उतरवायची फळी) वेगळा, आणि ज्या यादीवर भुलून घेतलं त्यातले सहा नग आतच नव्हते. विकणाऱ्याने "जसा आहे तसा" लिहिलेलं दाखवलं. गराजमध्ये अजून चौदा एअर फ्रायरच्या बास्केट पडल्यात, फ्रायर नाहीत.

चाकणकर_शिफ्टवाला
सगळ्यांचे आभार. टोकन टाकलं नाही. रविवारी पहाटे निघालो, बायकोपण आली. लॉट गेला नव्हता बरं का, दुसरी पार्टी काही आली नाही. गोडाऊन खरं आहे, काल्हेरच्या पुढे, माणूस चहा पाजून बोलला पण म्हणे तीनच बॉक्स उघडायचे, तेही वरचे. बायकोने सरळ खालचा ओढला. नव्या इस्त्रीच्या बॉक्समध्ये कुणाचीतरी जळकी जुनी इस्त्री, वायरला चिकटपट्टी लावलेली, म्हणजे गिऱ्हाईकाने नवी ठेवून घेतली आणि ही परत पाठवली! व्यापारी पण हसला. मग पूर्ण लॉट नको म्हटलं आणि बाजूच्या ढिगातल्या इस्त्र्या आणि केटल लावून बघून १२ नग घेतले, ५,४०० ला, बिलासकट. गाडीच्या डिकीत मावले.

ताई, तो सिरीज बोर्ड तिथल्याच पोराकडून घेऊन वापरला, आता घरी बनवायचाय. १०० वॅटचा पिवळा बल्ब इकडे दोन दुकानात मिळाला नाही, सगळीकडे एलईडीच. ६० चा चालेल का?

दुरुस्तीवाली_ताई_इचलकरंजी
चालेल. एलईडी मात्र लावू नका. आणि पुढच्या वेळी वहिनींनाच पाठवा.